दम्याचा पंप कुलपात नको

विद्यार्थ्यांची सर्व औषधे शाळेच्या कार्यालयात जमा करावीत, या नियमाचे समर्थन करणारा लेख वाचला. तापाच्या गोळ्या किंवा प्रतिजैविकांपुरता हा नियम योग्यच आहे. मुले औषधे एकमेकांना देतात, ही भीती खरी आहे. पण दम्याचा पंप कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवणे धोक्याचे आहे. पंपातील साल्ब्युटामॉल हे औषध काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करते, मात्र ते वेळेवर हाती लागले पाहिजे. धाप लागलेल्या मुलाने मैदानावरून कार्यालय गाठायचे आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते नेमके तासावर असायचे, हे कसे चालेल?

टाइप १ मधुमेहाचेही तसेच. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज आहे त्या जागीच द्यावे लागते आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी लागते. अशा मुलाला एकटे पाठवणे तर अजिबात नको, वाटेतच त्याची शुद्ध हरपू शकते.

डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असेल, तर तातडीचे औषध मुलाजवळ किंवा वर्गशिक्षकांच्या हाताशी राहू द्यावे आणि ते कसे द्यायचे, हे खेळाच्या शिक्षकांसह सर्वांना शिकवावे.

– एक पालक