परिचारिकांच्या रेझ्युमे आणि कव्हर लेटरच्या सदोष सेवेबाबत तक्रार

म्हापसा, गोवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
रेझ्युमे लेखन सेवा

विषय : ‘नर्सिंग प्रीमियम’ पॅकेजखाली दिलेले दोन रेझ्युमे व दोन कव्हर लेटर इस्पितळात देण्याजोगी नसल्याने ती नव्याने करून मिळणे अथवा पैसे परत मिळणे.

महोदय / महोदया,

आम्ही दोघी गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या स्टाफ नर्स आहोत. एकीचे काम मोठ्यांच्या आयसीयूत, दुसरीचे नवजात बाळांच्या एनआयसीयूत. दोघींनी स्वतंत्रपणे आपले हे पॅकेज घेतले, प्रत्येकी ३,४९९ रुपये भरले आणि आपला लांबलचक फॉर्म नीट भरून दिला. जाहिरातीत ‘नर्सिंग क्षेत्रातील तज्ज्ञ लेखक’ आणि ‘तुमच्या अनुभवानुसार खास तयार केलेला रेझ्युमे’ असे शब्द आहेत. आलेल्या दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या, तर नाव वगळता पहिला परिच्छेद अक्षरशः एकच आहे. कव्हर लेटरही एकच. म्हणून तक्रारही एकत्र करत आहोत.

एनआयसीयूच्या रेझ्युमेत एक ओळ अशी आहे : ‘रुग्णांना मधुमेहातील आहार व घरी घ्यायची काळजी समजावून सांगितली.’ तिथल्या रुग्णांचे वजन बाराशे ग्रॅम, पंधराशे ग्रॅम असते. त्यांना दर दोन तासांनी नळीवाटे किती मिलि दूध द्यायचे, एवढाच काय तो आहाराचा प्रश्न. मुलाखतीला बसलेल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटने ही ओळ वाचली की पुढचे काही वाचायची तिला गरज उरत नाही.

हा साचा कुठून आला तेही दिसते. दोन्ही रेझ्युमेंत ‘हिपा नियमांचे पालन’ आहे, ‘कॉम्पॅक्ट स्टेट लायसन्स’ आहे, आणि कौशल्यांच्या यादीत ‘एनक्लेक्स-आरएन’ आहे. हिपा हा रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेबाबतचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे. कॉम्पॅक्ट लायसन्स ही एकाच परवान्यावर अनेक राज्यांत काम करता यावे म्हणून तिथल्या राज्याराज्यांनी केलेली आपसातली सोय आहे. एनक्लेक्स ही अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा आम्हा दोघींपैकी कोणीही दिलेली नाही, फॉर्ममध्ये तसे लिहिलेलेही नाही. पहिल्या दोन गोष्टी हास्यास्पद म्हणून सोडून देता येतील. तिसरी म्हणजे आमच्या नावावर केलेला खोटा दावा आहे. आज पणजी-मडगावकडच्या इस्पितळात तो खपलाही असता कदाचित. पण उद्या आखातात जायचे ठरले, तर डेटाफ्लोची (तिथल्या परवान्यासाठी कागदपत्रे तपासणारी कंपनी) पडताळणी थेट मूळ संस्थेकडे विचारणा करते, आणि तिथे रेझ्युमे आणि कागदपत्रे जुळली नाहीत तर नाव उमेदवाराचे खराब होते, लेखकाचे नाही.

याउलट जे हवे होते ते चौथ्या पानावर ‘इतर माहिती’त टाकले आहे. भारतातल्या इस्पितळात नर्सच्या रेझ्युमेवर एचआर सर्वात आधी तीन गोष्टी शोधते : शिक्षण जीएनएम (नर्सिंगची पदविका) की बीएस्सी (पदवी), कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि तो कधीपर्यंत वैध आहे, आणि कोणत्या विभागात किती वर्षे. हे नावाच्या लगेच खाली, दोन ओळींत यायला हवे. आरएनआरएम (परिचारिका व सुईण म्हणून नोंदणीचा) क्रमांक, नूतनीकरणाची तारीख आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी प्रणालीतला एनयूआयडी (देशपातळीवरचा ओळख क्रमांक) आम्ही फॉर्ममध्ये दिला होता. आपण एनयूआयडी गाळला आणि नूतनीकरणाची तारीख काढून टाकली. एनएबीएच (इस्पितळांचा दर्जा तपासणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकन असलेल्या इस्पितळाला प्रत्येक नर्सची नोंदणी आणि पात्रता तपासून फाइलला लावावीच लागते. ती माहिती शोधायला लावणारा रेझ्युमे बाजूला पडणारच.

आता मुख्य भाग, अनुभवाचा. आपण आयसीयूच्या अनुभवासाठी लिहिले आहे : ‘आव्हानात्मक व वेगवान वातावरणात उत्कृष्ट दर्जाची रुग्णसेवा पुरवण्याची जबाबदारी यशस्वीपणे पार पाडली.’ हे वाक्य ओपीडीतल्या नर्सला लागू पडते, डायलिसिसमधल्या नर्सलाही, आणि थोडे बदलले तर हॉटेलच्या व्यवस्थापकालाही. वाचणाऱ्याला हवे असते ते असे : १२ खाटांचा मेडिकल आयसीयू, ६ व्हेंटिलेटर, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एकास एक, बाकीच्यांना दोघांमागे एक नर्स, मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट तिन्ही ड्युट्या, नाइटला शिफ्ट इन-चार्ज, आर्टीरियल लाइनमधून (धमनीतल्या नळीतून) एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, नमुना घेणे, सिरिंज पंपावरचे नॉरॲड्रेनालिन (रक्तदाब टिकवणारे औषध) डॉक्टरांच्या आदेशानुसार कमी-जास्त करणे, श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्याचे (कफचे) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतके राखणे आणि डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणे, आयएसबार पद्धतीने (ठरलेल्या क्रमाने रुग्णाची माहिती पुढच्या नर्सला देत) हँडओव्हर. यातली प्रत्येक गोष्ट फॉर्ममध्ये होती. हे वाचल्यावर सुपरिंटेंडेंटला कळते की ही नर्स आली तर किती दिवसांत एकटीच्या भरवशावर खाट देता येईल. तिचा निर्णय यावरच होतो.

एनआयसीयूसाठी शब्द वेगळे. तिथे सीपॅप (श्वासाला हवेच्या दाबाचा आधार), फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशोपचार), अंबिलिकल लाइनची (नाळेतून घातलेल्या नळीची) निगा, कांगारू मदर केअर (बाळाला आईच्या छातीशी ठेवणे), वजनावर काढलेला डोस आणि तो दुसऱ्या नर्सकडून तपासून घेणे, नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण, हे लिहावे लागते. आपण तिच्याही नावावर नॉरॲड्रेनालिन आणि ‘प्रेशर सोअरसाठी ब्रेडन स्केल’ चिकटवले आहे. ब्रेडन स्केल (अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमांचा धोका मोजण्याची पद्धत) मोठ्यांसाठी आहे.

आकड्यांबद्दल तर स्पष्टच लिहावे लागेल. दोन्ही रेझ्युमेंत ‘संसर्गाचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी केले’ असे वाक्य आहे. हा आकडा आम्ही दिलेला नाही. आपल्या प्रतिनिधीने चॅटवर उत्तर दिले की ‘आकडे असले की रेझ्युमे वजनदार होतो’. सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) होणारा रक्तातला संसर्ग दर १,००० लाइन-दिवसांमागे मोजतात (एका रुग्णाला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस). किती रुग्णांना संसर्ग झाला भागिले किती लाइन-दिवस, गुणिले हजार. हे गणित इन्फेक्शन कंट्रोल नर्स ठेवते, आणि तो दर खालीवर होतो तो सगळ्या युनिटच्या कामामुळे. एक स्टाफ नर्स तो एकटीने ४० टक्के कमी करत नाही. मुलाखतीतला पुढचा साधा प्रश्न ‘आधी दर किती होता?’ आला की उमेदवार गप्प. त्याऐवजी खरे आणि पुरेसे वाक्य हे : ‘सेंट्रल लाइन बंडलची चेकलिस्ट प्रत्येक ड्युटीला भरली, पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचे २ दिवसांनी, ओले किंवा सैल झाल्यास लगेच बदलले, लाइनची गरज आहे का हे रोज राउंडला विचारले.’ यावर दहा प्रश्न विचारा, काम केलेली नर्स दहाही उत्तरे देते. खरा आकडा हाताशी असेल तर तो खाटांचा, व्हेंटिलेटरचा, नव्या नर्सना दिलेल्या प्रशिक्षणाचा असतो. तो लिहावा.

हुद्द्यांचेही तेच. अनुभव प्रमाणपत्रावर ‘स्टाफ नर्स’ आहे. आपण ‘सीनियर क्रिटिकल केअर नर्स स्पेशालिस्ट’ केले. रिलीव्हिंग लेटरशी न जुळणारा हुद्दा म्हणजे एचआरच्या लेखी फसवणूक, बढती नव्हे. तारखाही फक्त वर्षांच्या आहेत. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२२ आणि जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२२ यांत जवळजवळ दोन वर्षांचा फरक पडतो, आणि दोन्ही ‘२०२०–२०२२’ असेच दिसतात. महिना-वर्ष लिहिणे आवश्यक आहे. शिक्षणातली इंटर्नशिप अनुभवात मिळवून आपण एकीचा अनुभव वाढवला आहे. तीही दुरुस्त व्हायला हवी, कारण नोंदणीनंतरचे काम हाच अनुभव धरला जातो. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचे प्राथमिक व प्रगत प्रशिक्षण) कार्डांची मुदत दोन वर्षांची असते. वैधता कधीपर्यंत ते न लिहिल्यास कार्ड असूनही नसल्यासारखेच.

रंगरूपावर फार लिहीत नाही. दोन रकाने, गडद निळी पट्टी, फिकट करडी अक्षरे, कौशल्यांपुढे पट्ट्या. ‘आयव्ही कॅन्युलेशन ९० टक्के’ म्हणजे काय, दर दहावी शीर चुकते? इस्पितळात रेझ्युमे छापला जातो तो काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर, आणि करडी अक्षरे त्यात जवळपास पुसली जातात. ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या मोठ्या इस्पितळांच्या सॉफ्टवेअरची अडचण वेगळी. आपली पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. डाव्या रकान्यातला फोन नंबर उजव्या रकान्यातल्या नोकरीच्या मध्ये येतो, आणि टेक्स्ट बॉक्समधले नोंदणी क्रमांक येतच नाहीत. एक रकाना, काळी अक्षरे, ११ पॉइंट, दोन पाने, एवढ्यात काम होते.

भाषांच्या जागी ‘इंग्रजी (मातृभाषा)’ असे छापले आहे आणि कोंकणी गायब आहे. गोव्यातल्या वॉर्डात कोंकणी आणि मराठी लागते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) महाराष्ट्रातल्या सावंतवाडी, दोडामार्गहूनही रुग्ण येतात. घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईला ऑक्सिजनचा मास्क का काढायचा नाही हे तिच्या भाषेत सांगता येणे ही इथे पात्रता आहे, छंदाची ओळ नव्हे.

कव्हर लेटर ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ने सुरू होते, पुढे चौकटी कंसात ‘इथे रुग्णालयाचे नाव’ तसेच राहिले आहे, आणि शेवटी ‘बंगळुरूच्या आपल्या नामांकित संस्थेत’ असे आहे. आम्ही दोघींनी गोव्यासाठीच अर्ज मागितला होता. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तर आपल्या दुसऱ्याच कोणा ग्राहकाचे नाव दिसते. ते आम्ही येथे लिहीत नाही. नर्ससाठीचे कव्हर लेटर एका पानाचे, तीन छोट्या परिच्छेदांचे असते. नर्सिंग सुपरिंटेंडेंट किंवा एचआर यांच्या नावे, जाहिरातीतले पद आणि विभाग, नोंदणी क्रमांक. मग जाहिरातीत मागितलेल्या एका-दोन गोष्टींना जुळणारा खरा अनुभव. शेवटी नोटीस पीरियड किती, रुजू कधी होता येईल, नाइट ड्युटीची तयारी आहे का. ‘लहानपणापासून सेवेची आवड’ वगैरेला त्यात जागा नाही.

यापलीकडे आपण ‘सरकारी इस्पितळ कव्हर लेटर’ म्हणून वेगळे ६९९ रुपये घेतले. गोवा सरकारच्या भरतीत अर्ज विहित नमुन्यात असतो. तिथे मागतात ते १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, शिक्षणाची व नोंदणीची प्रमाणपत्रे, कोंकणीचे ज्ञान. कव्हर लेटर ठेवायला तिथे जागाच नाही. जी वस्तू वापरताच येत नाही ती विकली, असे आम्ही याला म्हणतो. शिवाय दोघींचे आधार क्रमांक पहिल्याच पानावर छापले आहेत. रेझ्युमे किती कन्सल्टन्सींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून फिरतो हे आपल्याला माहीत असायला हवे.

पॅकेजमध्ये ‘दोन मोफत दुरुस्त्या’ आहेत. त्या मागितल्यावर ‘फक्त शब्दबदल, मजकूरबदलास वेगळे शुल्क’ असे उत्तर आले. ही अट पैसे भरण्याआधी कुठेही दाखवलेली नव्हती.

आमच्या मागण्या अशा. दोन्ही रेझ्युमे आणि कव्हर लेटर आम्ही फॉर्ममध्ये दिलेल्या माहितीवरून, न मागितलेला एकही दावा न घालता, नर्सिंग भरतीची माहिती असलेल्या व्यक्तीकडून नव्याने तयार करून १५ दिवसांत वर्डमध्ये आणि पीडीएफमध्ये द्यावीत. ते जमत नसेल तर दोन्ही पॅकेजची पूर्ण रक्कम परत करावी. सरकारी कव्हर लेटरचे ६९९ रुपये कोणत्याही परिस्थितीत परत हवेत. आमचे आधार क्रमांक व कागदपत्रे आपल्याकडून काढून टाकल्याचे लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. सदोष सेवेची रक्कम पावतीवर वेगळी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत न करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, त्यामुळे आपले कार्यालय दूर आहे याची आम्हाला अडचण नाही.

सोबत पावत्या, भरलेल्या फॉर्मच्या प्रती, आलेल्या चारही फाइली आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. चुकीच्या ओळी पिवळ्या केल्या आहेत. उत्तर ईमेलनेच द्यावे, फोनवर नको.

आपल्या,
दोन ग्राहक
(नावे व ऑर्डर क्रमांक जोडलेल्या पावत्यांप्रमाणे)