अपडेट बंद केलेत, तर कुलूपही उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात फोनची बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग जॅक हे सगळे तासाभरात बदलून मिळते. नागपूरच्या मे महिन्यात फुगलेली बॅटरी बदलणे तर तिथल्या कारागिरांचे नेहमीचेच काम. पण फोन धडधाकट आहे आणि केवळ त्याची अपडेट येणे थांबले आहे असे सांगितले, की त्याच काउंटरवर उत्तर मिळते, "याला आता सपोर्ट नाही भेटत दादा, नवा घेऊन टाका." कारागीर खोटे बोलत नाही. सुटे भाग त्याच्याकडे आहेत, पण आतल्या सॉफ्टवेअरला हात लावायची मुभा त्याला नाही आणि रोख पैसे मोजून फोन घेतलेल्या मालकालाही नाही. ही मुभा मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

नोकरी सांभाळून जुन्या कॉम्प्युटरमध्ये आणि फोनमध्ये दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ते चालते करणे हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद आहे. या दोन यंत्रांना मिळणाऱ्या वागणुकीतला फरक मला फार खटकतो.

आधी कॉम्प्युटरचे सांगतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे चांगली चालणारी असंख्य यंत्रे एका दिवसात 'जुनी' ठरली. आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर त्यांतलाच, ४ जीबी रॅमचा. कबाड्याला द्यायचे जवळजवळ ठरले होते. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली, कॉम्प्युटर सुरू होताना बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडला आणि आतल्या डिस्कला धक्का न लावता सगळे तपासून घेतले. वाय-फाय लागले, आवाज आला, प्रिंटरने पान काढले. मग कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मिंट कायमचे टाकले. आता सेक्रेटरी काका त्यावरच मेंटेनन्सच्या पावत्या करतात आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठीतून नोटिसा टाइप करतात. जुन्या फॉन्टमधल्या नोटिसा उघडल्या तेव्हा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला. त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणाव्या लागल्या, आणि ते काम कधी ना कधी करायचेच होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर धंदा चालणाऱ्यांना मात्र मी डोळे झाकून लिनक्स घ्या म्हणणार नाही. टॅली त्यावर सरळ चालत नाही.

या सगळ्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला पत्ताही नाही.

आता घरातला पाच-सहा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन घ्या. सेटिंगमध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात 'ओईएम अनलॉकिंग' नावाचे एक बटण असते. ते चालू करता आले, तर पुढे बूटलोडरचे कुलूप काढून लिनेजओएससारखी, कंपनीबाहेरच्या लोकांनी अँड्रॉइडवरून बनवलेली सिस्टीम टाकण्याचा रस्ता मोकळा होतो. पण कित्येक फोनमध्ये हे बटण फिकट पडलेले असते, कितीही दाबा, हलत नाही. काहींत ते दिसतच नाही. काही कंपन्या अर्ज करायला लावून दिवसचे दिवस थांबवतात. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम. पुढे चालू होणाऱ्या सिस्टीमवर कंपनीची डिजिटल सही आहे का, ते तो पाहतो. सही नसेल तर कुलूपबंद फोन ती सिस्टीम चालूच करत नाही. अपडेट द्यायचे कंपनीने थांबवले, आणि दुसऱ्याने तयार केलेले टाकायचे तर दार बंद, अशी मालकाची दोन्हीकडून कोंडी होते.

याचे जास्त वाईट वाटते, कारण अँड्रॉइडचा पाया लिनक्स कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये विद्यार्थी असताना छंद म्हणून ते काम सुरू केले आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवले. लिनेजओएसही बरेचसे स्वयंसेवकांच्या बळावरच चालते. सायनोजेनमॉड ही तशीच आधीची सिस्टीम बंद पडल्यावर २०१६च्या डिसेंबरात ते उभे राहिले आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी फोनना त्याने नवे अँड्रॉइड दिले. करणारे हात आहेत, काम तयार आहे, अडते ते फक्त कुलपापाशी.

कंपन्या सुरक्षिततेचे कारण देतात आणि ते पोकळ नाही. कुलूप काढलेल्या फोनमध्ये कोणी छेडछाड केली तर ती पकडणे अवघड जाते, आणि बँकांची व यूपीआयची काही ॲप अशा फोनवर चालायला नकार देतात. पैशांचे व्यवहार ज्या फोनवर आहेत त्याचे कुलूप काढू नका, असे मी स्वतः सगळ्यांना सांगतो. पण कुलूप काढताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे चोराच्या हाती आपले फोटो लागतील ही भीती धरायचे कारण नाही. आणि ज्या फोनला सुरक्षेची अपडेटच येत नाहीत, तो कुलूपबंद ठेवून कोणती सुरक्षितता राखली जाते? त्याच्यातली उघड झालेली भोके तशीच राहतात. असा फोन शिकणाऱ्या मुलांच्या हाती द्या. नागपुरात इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची इतकी मुले आहेत. फास्टबूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सिस्टीम टाकायच्या साधनाच्या, दोन आज्ञा स्वतः देऊन फोन पुन्हा उभा केलेला मुलगा किंवा मुलगी त्या यंत्राबद्दल जे शिकते, ते नुसत्या जर्नलच्या पानांतून मिळत नाही.

युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियम लागू केला आहे, की फोनच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे सिस्टीमची अपडेट मिळाली पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण देणाऱ्या निर्देशांकाचा अहवालही २०२५च्या मे महिन्यात विभागाकडे आला. त्यात सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअर अपडेटचाही विचार आहे. तिथेच ही अट घालावी: कंपनीने ज्या दिवशी अपडेट थांबवली, त्या दिवसापासून बूटलोडर उघडण्याची सोय मालकाला विनामूल्य आणि अर्जविनंत्यांशिवाय मिळाली पाहिजे. ज्याला नको तो उघडणार नाही.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. वर्तमानपत्रांत नव्या फोनची परीक्षणे येतात तेव्हा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि चार्जिंगचे वॉट ठळक छापलेले असतात. आपल्या दैनिकात त्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार आणि बूटलोडर उघडता येतो की नाही. कंपनीने उत्तर दिले नाही, तर 'उत्तर दिले नाही' असेच छापावे.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर