फोटोतली नोटीस वाचायची कशी?

संपादक साहेब,

आमच्याकडे पाणी कधी बंद राहणार ते आता पालिकेच्या पेजवरच कळतं, पण तेही फोटोत. माझ्या मावसभावाला दिसत नाही, तो टॉकबॅकवर (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारी फोनमधली सोय) मोबाईल वापरतो, अशी पोस्ट आली की फोन नुसता "इमेज" म्हणतो आणि गप्प, मग मला फोन येतो की दादा उद्या पाणी आहे का. अहो तोच मजकूर खाली टाईप केला तर काय बिघडतं? फेसबुक, इन्स्टा, एक्स सगळीकडे ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे फोटोत काय आहे ते शब्दांत लिहून ठेवायची, सोय आहे, दोन ओळींचं काम. वर काहीजण जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवतात, तो युनिकोड (सगळ्या फोनना कळणारी अक्षरांची पद्धत) नसतो त्यामुळे टॉकबॅक भलतंच काहीतरी बडबडतो. आणि नेत्यांच्या भाषणांचे व्हिडिओ बिनाकॅप्शनचे, म्हणजे ऐकू न येणारेही बाहेरच (त्यांचं फार काही बुडत नाही म्हणा). दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, कलम ४२ मधे इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ स्वरूपात मिळेल हे बघायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. पालिकेने पोस्ट बनवणाऱ्या एजन्सीच्या टेंडरमधेच ही अट घालावी, नाहीतर बिल अडवावं.

एक वाचक, नाशिक