कॅमेरा बंद ठेवू द्या म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीस

चिरंजीव,

पत्रात नाव घालू नका, असं तूच बजावलंस. म्हणून नावाशिवाय लिहिते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाची, मुलं आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जात होती. ते क्षेत्रकार्य एका रात्रीत थांबलं. पीपीटी काय, कुणीही मोबाईलवर दाखवेल. पण गृहभेट कशी शिकवायची? ‘घरात शिरलात की आधी चुलीकडे बघा,’ असं सांगणारी मी. आता चूल दिसणार कुठून!

मग झूमवर रोल-प्ले घेतला. विषय कौटुंबिक हिंसा. पीडितेची भूमिका करणारी मुलगी दोन वाक्यं बोलून गप्प झाली. मी आपली, “अगं, माइक चालू कर, कॅमेरा लाव.” तिनं चॅटमध्ये लिहिलं, “मॅडम, बाबा इथंच बसलेत.” गोपनीयतेवर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिलेल्या बाईला एका खोलीचं घर लक्षात आलं नव्हतं.

त्याच रात्री तुला फोन केला. हेल्पलाइनवरची पाळी संपवून तू सहा शनिवार आमच्या वर्गात आलीस. फोनवर संकटातल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न तू शिकवलास: “आत्ता बोलता येईल का? नुसतं हो किंवा नाही म्हणा.” कुणी जवळ आलं तर ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवायचा, हे आधीच ठरवून घ्यायचं. मागे टीव्ही एकदम मोठा झाला, मूल रडायचं थांबलं, तर तेही अहवालात लिहायचं. समोरचं माणूस गप्प झालं की आपण बोलायची घाई करायची नाही. हे मला अजून जड जातं.

कॅमेऱ्यावरून मात्र मी तुझ्याशी भांडले. हजेरी कशी घेऊ? तू म्हणालीस, “न विचारता कुणाच्या घरात शिरू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?” दुसऱ्या दिवसापासून सक्ती बंद.

१०९८ ही चाइल्डलाइन, संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, १९९६ मध्ये टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) एका प्रकल्पातून उभी राहिली, हे मी दरवर्षी परीक्षेला विचारायचे. तरी फोन हेही आपलं क्षेत्र आहे, हे मला सुचलं नव्हतं.

सगळंच जमलं असं नाही. दोघांकडे स्मार्टफोन नव्हता. त्यांचे अहवाल मी साध्या फोनवर ऐकून उतरवून घेतले. वस्तीतला चिखल, वास, दारातून परत फिरणं, यातलं त्या तुकडीला काहीच मिळालं नाही.

आता मुलं पुन्हा वस्तीत जातात, पण फोनचा तास मी ठेवलाय. येत्या शनिवारी नवी तुकडी आहे. ये. यंदा प्रवासखर्च घ्यावा लागेल. मी विचारत नाहीये, सांगतेय.

तुझी,
मॅडम