निरसं दूध मागितलंस म्हणून

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालीस, "अण्णा, बाळासाठी आपल्या गायीचं निरसंच दूध पाठवा, उकळलं की सत्त्व जातं." मी नुसतं 'बघू' म्हणालो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

धारोष्ण दूध मी पोरवयापासून प्यायलो. चरवी तोंडाला लावायची, फेसाच्या मिशा पुसायच्या आणि शहरातल्या पाव्हण्यांना हिणवायचं. तुलाही मीच पाजलंय. तू होस्टेलवर होतीस त्या वर्षी चांदी गाय गाभडली. सातव्या महिन्यात वासरू टाकलं, जार अडकला, तो मी उघड्या हातांनी ओढला. नंतर तिचं दूधही तसंच पीत राहिलो. मग चार महिने रोज संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कंबर धरलेली. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का?" रक्त तपासलं तर ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचा जंतू. दोन तऱ्हेच्या गोळ्या सहा आठवडे घेतल्या. जारातून आला की दुधातून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तुला मात्र आम्ही 'साधा ताप' म्हणून कळवलं होतं.

या दुखण्याला पूर्वी माल्टा ताप म्हणत. त्या बेटावर इंग्रज शिपाई त्याने आजारी पडायचे. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये झॅमिट या तिथल्याच डॉक्टरने दाखवलं. शेळ्या दिसायला अगदी धडधाकट होत्या! मला ही गोष्ट फार लागली, कारण चांदीही तशीच दिसायची.

आता कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस देतो. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसतो. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घेऊन गुठळ्या दिसतात का बघतो, मग बादली. धार झाली की पुढ्यात वैरण टाकतो, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते. तेवढा वेळ सडांची तोंडं उघडी असतात, खाली बसली की शेणातली घाण आत जाते. कासदाहाचं इंजेक्शन दिलं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध ओतून देतो, कारण औषध उकळून जात नाही. तुझी आई अजून हळहळते.

पण हे सगळं करूनही दूध निरसंच. गाळण्याने केस निघतात, जंतू नाही. त्यात एसटीने पुण्यापर्यंत चार तास, तेही उन्हाळ्यात. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच गार करतात. आपल्याकडे मोजायला काही नाही, म्हणून उकळायचं. वर आलं की गॅस बंद करतेस, तसं नको. आच कमी करून, ढवळत, दोन-तीन मिनिटं उकळू दे. मग पातेलं थंड पाण्यात ठेवून निववायचं आणि फ्रिजमध्ये. थोडी जीवनसत्त्वं जातात, खरं आहे. कॅल्शियम आणि प्रथिनं कुठे जात नाहीत.

रविवारी इथूनच उकळून, गार करून, बर्फाच्या डब्यात पाठवतो. तिथे पुन्हा एकदा उकळ. साय कमी दिसली तर आईला विचार, मला नको.

तुझे
अण्णा