‘ब्लू कट’च्या आधी जवळची नजर तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू झाल्या की महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत चष्म्याच्या दुकानांत एकच मागणी ऐकू येते. ‘पोरगं मोबाईल बघून डोकं दुखतंय म्हणतंय, ब्लू कट काच घाला.’ मग काउंटरखालून निळ्या-जांभळ्या लेसरचा पेन निघतो. साध्या काचेतून कार्डावर ठिपका उमटतो, निळा प्रकाश अडवणाऱ्या या ब्लू कटमधून उमटत नाही. गिऱ्हाईक खूश!

या प्रयोगात मेख आहे. हा पेन साधारण ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जवळपास जांभळाच प्रकाश टाकतो. मोबाईल-टॅबच्या पडद्याचा निळा प्रकाश मुख्यतः ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि पांढऱ्या दिसणाऱ्या ब्लू कट काचा त्यातला जेमतेम १० ते २५ टक्के अडवतात. ढगाळ दिवशी रंकाळ्यावर फिरणाऱ्याच्या डोळ्यांतही पडद्यापेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश जातो, त्याने कोणाचे डोके धरत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. अशा काचांनी डोळ्यांवरचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो, असे त्यातही दिसले नाही. काच वाईट नाही, पण या दुखण्यावरचा तो इलाज नव्हे.

गुजरीत दागिन्यांचे बारीक काम करणारे कारागीर, हुपरीचे चांदीकामगार, काजे-बटणे करणारे शिंपी यांची कपाळे मोबाईल येण्याआधीपासून संध्याकाळी ठणकत आली आहेत. पडदा नव्हता, तासन्‌तास जवळ बघणे होते. हिशेब सोपा आहे. वस्तू जितक्या सेंटिमीटरवर असेल त्या आकड्याने १०० ला भागा. येईल तितके डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) डोळ्यातल्या स्नायूला भिंग फुगवून धरावे लागते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर अडीच. मोबाईल आपण २५ वर आणतो, तिथे चार. अंथरुणात आडवे पडून २० वर नेला की पाच. शिवाय दोन्ही डोळे सतत नाकाकडे वळवून ठेवायचे ते वेगळेच. चाळिशीच्या माणसाकडे एकूण पाच-सहा डायॉप्टरच शिल्लक असतात आणि त्यातले निम्मेच सलग वापरले तर त्रास होत नाही. म्हणजे २५ सेंटिमीटरवरचा मोबाईल त्याला झेपणारा नसतोच.

अंतर मोजायला पट्टी नको. मूठ गालाच्या हाडाला लावा आणि कोपर पडद्याला टेकेल एवढे अंतर ठेवा. मोठ्यांत ते ३५ ते ४० सेंटिमीटर भरते, मुलांत हाताच्या मापाप्रमाणे कमी. तिथून वाचता येत नसेल तर फोन जवळ ओढू नका, सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठे करा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहायचे, हा नियम आता बहुतेकांना पाठ आहे. पण ऑफिसातली मंडळी कॉम्प्युटरवरून नजर काढतात आणि ‘विश्रांती’ म्हणून व्हॉट्सॲप उघडतात! ६० सेंटिमीटरवरून नजर २५ वर आणली, म्हणजे स्नायूचे काम दुपटीहून वाढवले.

आता सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट. ‘६/६ दिसतंय, म्हणजे नंबर नाही’ हा समज चुकीचा आहे. ज्याला दीडचा प्लस नंबर आहे असे पोर भिंतीवरचा तक्ता घडाघडा वाचते, कारण तो दीड डायॉप्टर ते स्नायूच्या जोरावर भरून काढते. मोबाईल २५ सेंटिमीटरवर धरला की त्याला चार अधिक दीड, म्हणजे साडेपाचचा भार पडतो. तासाभराने भुवयांच्या वर दुखू लागते आणि घरात मोबाईलला शिव्या बसतात. अर्धा-पाऊण सिलिंडर, म्हणजे आडव्या-उभ्या दिशांना वेगवेगळा लागणारा नंबर, असेल तरी हेच. तो चष्मा दिला की ‘मोबाईलची’ डोकेदुखी बऱ्याचदा थांबते.

मुलांच्या बाबतीत याच्या उलटही घडते. सतत जवळ पाहून स्नायू आवळलेलाच राहिला की दूरचे तात्पुरते धूसर दिसते. अशा वेळी मशीनवर तपासले तर मायनस नंबर निघतो, किंवा आहे त्यापेक्षा जास्त निघतो. ‘कॉम्प्युटरवर काढलेला नंबर’ म्हणून तोच चष्मा घातला की जवळचे काम आणखी जड जाते. म्हणून मुलांचा पहिला चष्मा डोळ्यांत थेंब घालून, स्नायू सैल करून, नेत्रतज्ज्ञांकडे तपासल्यावरच करावा. थेंबांनंतर दिवसभर जवळचे धूसर दिसते, उन्हाचा त्रास होतो, शाळेचा एक दिवस बुडतो. बुडू द्या.

चाळिशी लागलेल्यांनी एक लक्षात घ्यावे. वाचण्याचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो, कॉम्प्युटर ६०-६५ वर. दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेत वाचायचा भाग खाली असतो, त्यामुळे पडदा उंच असला की हनुवटी वर करून पाहावे लागते; मान धरते ती त्यामुळे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणा, नाहीतर कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करा. रस्त्यावरच्या तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा, सिलिंडर शून्य आणि काचांचे मध्यबिंदू ठरीव अंतरावर. पत्रिका वाचायला चालेल, तीन तास मोबाईलला नाही.

चुरचुरण्याचे कारण वेगळे. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लवते. पडद्यासमोर पाच-सात वेळा, तीही बऱ्याचदा अर्धीच. बुबुळाचा खालचा भाग कोरडा पडतो आणि तो कोरडेपणा शमवायला डोळ्यांतून पाणी गळते. ‘पाणी येतंय, मग कोरडे कसे?’ याचे उत्तर हेच. वर तोंडावर पंखा किंवा एसीचा झोत आणि उघड्या डोळ्यांनी दुचाकी. पापण्या दोन सेकंद अलगद मिटा, दोन सेकंद घट्ट मिटा, मग उघडा. असे तासातून चार-पाचदा करा. सोसवेल इतपत गरम ओल्या कापडाने मिटलेल्या पापण्या दहा मिनिटे शेकल्या की तेलग्रंथी मोकळ्या होतात आणि अश्रू लवकर उडत नाहीत.

पडद्याचा उजेड ठरवायला शेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा भगभगला तर जास्त, कळकट दिसला तर कमी. अंधारात डार्क मोड बरा वाटतो खरा, पण सिलिंडरवाल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरलेली दिसतात. त्यांनी खोलीत दिवा लावून पांढरा पडदाच ठेवावा. अंधारात कुशीवर झोपून एक डोळा उशीत दाबून मोबाईल पाहिला, तर बंद केल्यावर काही मिनिटे पाहणाऱ्या डोळ्याने दिसेनासे होते. घाबरू नका, तो डोळा उजेडाला सरावलेला असतो इतकेच. पण ती सवयच मोडलेली बरी.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. बंद केले की लाली उलट वाढते. स्टेरॉइडच्या थेंबांनी बरे वाटते खरे, पण डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. कोरडेपणाला ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे कृत्रिम अश्रू पुरतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. फोडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्या. डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस पोटात जात असतील, तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते.

नंबरची डोकेदुखी काम केल्यावर चढते आणि डोळे मिटून पडले की उतरते. पहाटे झोपेतून उठवणारे दुखणे, त्यासोबत ओकाऱ्या, अचानक एकाची दोन दिसणे यांचा चष्म्याशी संबंध नाही. डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, मळमळते आहे, असे असेल तर त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांना गाठा. उद्यावर ढकलू नका.

शाळांत नेत्रतपासणी शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना आणि शिक्षण विभागाला एक विनंती. ही शिबिरे बहुधा दूरचा तक्ता वाचून घेण्यावरच आटोपतात. त्यात दोन गोष्टी वाढवाव्यात. एक, प्लस दोनची काच डोळ्यांपुढे धरून तोच तक्ता पुन्हा वाचून घ्यावा. तरीही स्वच्छ वाचता आला तर प्लस नंबरचा संशय घ्यावा. दोन, पेनचे टोक हळूहळू नाकाकडे आणावे. नाकापासून १० सेंटिमीटरच्या बाहेरच टोक दोन दिसू लागले किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर त्या मुलाला पुढच्या तपासणीला पाठवावे. एका मुलामागे दोन मिनिटे लागतात आणि काचेची एक पेटी अख्ख्या तालुक्याला पुरते.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, कोल्हापूर