स्कॅन झाले, तरी निगेटिव्ह जपून ठेवा

महोदय,

जुनी छायाचित्रे स्कॅन करून घेण्याकडे लोकांचा कल वाढतो आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह रद्दीत काढल्या जातात, हे थांबावे म्हणून हे पत्र. निगेटिव्ह हा मूळ दस्तऐवज आहे आणि स्कॅन ही त्या दिवशी हाताशी असलेल्या यंत्राच्या कुवतीनुसार काढलेली नक्कल. शंभर वर्षांपूर्वीच्या काचेच्या निगेटिव्हवरून आजही उत्तम प्रिंट निघतात, कारण कृष्णधवल प्रतिमा चांदीच्या कणांची असते. रंगीत फिल्ममधील रंग मात्र अंधारातही हळूहळू विटतात.

फिल्मला खरा धोका उष्णतेचा आणि दमटपणाचा. सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकच्या फिल्ममधून अशा हवेत अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, पट्टी आक्रसून वाकडी होते आणि सुटलेले आम्लच पुढची झीज आणखी वाढवते, इतकी की त्याच डब्यातील चांगल्या फिल्मही नासू लागतात. वास आला की ती फिल्म लगेच वेगळी काढावी आणि सर्वांत आधी तिचे स्कॅनिंग करावे. झालेली हानी भरून येत नाही, थंडाव्याने ती फक्त मंदावते. पीव्हीसीची पाकिटे आणि चिकट पानांचे आल्बम टाळून पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लमुक्त कागदाची पाकिटे वापरावीत, आणि सापेक्ष आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील अशी जागा निवडावी. माळा त्यासाठी सर्वांत वाईट.

डिजिटल फाइलींची गोष्ट वेगळी. त्या विटत नाहीत, पण जातात तेव्हा बहुधा एकदम जातात. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला, तर त्यातील विद्युतभार गळू शकतो. हार्डडिस्क एक दिवस सुरूच होत नाही. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा आणि वर्षातून एकदा फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले छायाचित्र बहुधा फाइल लहान करण्यासाठी दर्जा घटवलेले असते; त्याला मूळ प्रत समजू नये.

स्कॅनिंग करून देणाऱ्या व्यावसायिकांना माझी विनंती आहे, की त्यांनी निगेटिव्ह योग्य पाकिटांत घालून परत द्याव्यात आणि त्या टाकू नयेत, असे ग्राहकाला आवर्जून सांगावे.

आपला,
एक वाचक